नॉक्टिलुसेंट ढग: कधी, कुठून आणि कसे पाहायचे

जमिनीपासून ८० ते ८५ किलोमीटर उंचीवर बर्फाच्या अतिसूक्ष्म कणांचे हे ढग तयार होतात, तेही उन्हाळ्यात. उन्हाळ्यात ध्रुवाकडची हवा वर चढून प्रसरण पावते आणि तिथलं तापमान उणे १२० अंशांच्याही खाली जातं.

महाराष्ट्रातून ते दिसणार नाहीत. एवढ्या उंचीवरचा ढग फार तर हजार किलोमीटरवरून क्षितिजाला टेकलेला दिसतो. म्हणजे मुंबईची नजर बिकानेरच्या आकाशापर्यंतच, आणि हे ढग तर त्याहून खूप उत्तरेला, ध्रुवाकडे असतात. एडिंबरा, कोपनहेगन, एडमंटन इथल्या मंडळींना मात्र गच्चीही पुरते. उत्तरेचं क्षितिज तेवढं मोकळं हवं.

मे अखेर ते ऑगस्टचा मध्य हा हंगाम; जून-जुलै उत्तम. सूर्य क्षितिजाखाली ६ ते १६ अंश असताना बघा: सूर्यास्तानंतर दीड-दोन तासांनी वायव्येला, पहाटे ईशान्येला. त्या वेळी खालची हवा सावलीत असते, पण या ढगांवर ऊन पडत असतं.

फसगत होते ती सिरस म्हणजे नेहमीच्या उंच, पिसासारख्या विरळ ढगांमुळे. उशिराच्या संधिप्रकाशात सिरस आकाशापेक्षा काळपट दिसतात, हे ढग मात्र निळसर-चंदेरी चमकतात. शंका असेल तर दुर्बीण लावा: बारीक लाटा अधिक रेखीव दिसल्या तर बहुधा हेच. शहराच्या दिव्यांनी उजळलेले खालचे ढग पिवळट असतात.

फोटोसाठी ट्रायपॉड हवाच. २४ ते ५० मिमी लेन्स, एफ/२.८ ते ४, आयएसओ ४०० आणि २ ते ५ सेकंद इथून सुरुवात करा. एक्सपोजर लांबवलं की सरकत्या लाटा पुसट होतात. अंधारात ऑटोफोकस चाचपडत राहतो, म्हणून एखाद्या ठळक ताऱ्यावर हाताने फोकस करा. व्हाइट बॅलन्स ‘डेलाइट’वर ठेवा, नाहीतर कॅमेरा निळा रंगच खाऊन टाकतो. घड्याळ सेकंदापर्यंत जुळवा: एकाच क्षणी दोन ठिकाणांहून घेतलेल्या फोटोंवरून उंची काढता येते. खगोलशास्त्रज्ञ ऑटो येसे यांनी १८८० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत तशीच काढली होती, सुमारे ८२ किलोमीटर.

अवकाशातून हेच ढग ध्रुवाभोवती पसरलेले दिसतात. नासाच्या एआयएम उपग्रहाने २००७ पासून त्यांची अतिनील छायाचित्रं घेतली. या तरंगलांबीचा प्रकाश खालचा ओझोन शोषून घेतो, त्यामुळे पार्श्वभूमी काळी राहते आणि विरळ ढगही उठून दिसतो. अवकाशस्थानकातले फोटो नासाच्या संग्रहात शोधताना ‘पोलर मेसोस्फेरिक क्लाउड्स’ हे याच ढगांचं दुसरं नाव वापरा. दक्षिण गोलार्धातले हवे असतील तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या तारखा टाका.