ड्राफ्टच्या रात्री ट्रेड कसा तोलायचा

एनएफएल ही अमेरिकन फुटबॉलची लीग. तिच्या वार्षिक ड्राफ्टमध्ये संघ फेरीफेरीने नवे खेळाडू निवडतात. निवडीच्या एका पाळीला पिक म्हणतात आणि संघांमधल्या पिकच्या किंवा खेळाडूंच्या अदलाबदलीला ट्रेड. ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत ट्रेडची बातमी बहुतेक वेळा अर्धीच येते. अमुक संघ दहाव्या क्रमांकावर चढला, एवढं आधी कळतं. बदल्यात काय दिलं, पुढच्या वर्षाचा पिक त्यात आहे का, हे थोड्या वेळाने कळतं. तोवर निम्मे चाहते खूश होऊन बसलेले असतात आणि उरलेले जनरल मॅनेजरला घरी पाठवायच्या गोष्टी करत असतात. दोन्ही बाजूंनी काय काय दिलं याची पूर्ण यादी कागदावर उतरेपर्यंत थांबा. प्रत्येक पिकचा नुसता राउंड लिहू नका, क्रमांक लिहा. ३३ आणि ६४ हे दोन्ही दुसऱ्या फेरीतलेच, पण एकाची किंमत दुसऱ्याच्या दुपटीहून जास्त आहे.

यादी झाली की दोन प्रश्न वेगळे ठेवायचे. किंमत योग्य होती का? आणि खेळाडू योग्य होता का? पहिल्याचं उत्तर त्याच रात्री मिळतं, दुसऱ्याचं मिळत नाही. चाहत्यांची बरीच भांडणं हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळल्यामुळे होतात.

किंमतीसाठी जिमी जॉन्सनचा तक्ता जवळ ठेवा. तो प्रत्येक पिकला गुण देतो. जॉन्सन प्रशिक्षक असताना डॅलस काउबॉइजने तो १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला वापरात आणला. त्यातले एवढे आकडे लिहून घेतले तरी रात्रभर पुरतात: १ ला पिक ३०००, २ रा २६००, ३ रा २२००, ५ वा १७००, १० वा १३००, १६ वा १०००, २० वा ८५०, २७ वा ६८०, ३२ वा ५९०, ४८ वा ४२०, ६४ वा २७०. पुढच्या वर्षाचा पिक मोजताना एक फेरी खाली उतरायचं. म्हणजे पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीतला पिक आज दुसऱ्या फेरीच्या मध्यावरचा, ४२० गुणांचा धरायचा.

२०१७ चा सौदा घ्या. कॅन्सस सिटी चीफ्सने बफेलो बिल्सकडून १० वा पिक घेतला. बदल्यात २७ वा, ९१ वा आणि २०१८ चा पहिल्या फेरीतला पिक दिला. २७ व्याचे ६८०, ९१ व्याचे १३६, मिळून ८१६. त्यात भविष्यातल्या पिकचे ४२० मिळवले की १२३६ होतात. समोर १३००. फरक ६४ गुणांचा, म्हणजे चौथ्या फेरीतल्या एखाद्या पिकएवढा. कागदावर हा सौदा जवळजवळ बरोबरीचा होता. त्या पिकवर पुढे मोठा तारा झालेला पॅट्रिक महोम्स आला म्हणून बिल्सने तो फुकट दिला असं ठरत नाही. महोम्स हा खेळाडूच्या प्रश्नाचा भाग आहे. बिल्सच्या हाती आलेला तो भविष्यातला पिक पुढे २२ वा निघाला.

सगळ्यात जास्त चूक होते ती इथेच, भविष्यातल्या पिकच्या अंदाजात. ४२० हा सरासरी संघाचा आकडा आहे. पिक देणारा संघ आधीच दुबळा असेल आणि ट्रेड करून नवखा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा, संघातला सर्वात महत्त्वाचा खेळाडू) घेणार असेल, तर पुढच्या हंगामात संघ बरेच सामने हरू शकतो, आणि जास्त हरणाऱ्या संघाचा पिक वरचा असतो. अशा वेळी आकडा वर न्या. २०२३ मध्ये कॅरोलिना पँथर्सने पहिल्या पिकसाठी शिकागो बेअर्सला ९ वा, ६१ वा, २०२४ चा पहिल्या फेरीतला, २०२५ चा दुसऱ्या फेरीतला पिक आणि वर रिसीव्हर (पास झेलणारा खेळाडू) डी. जे. मूर दिला. ९ व्या आणि ६१ व्या पिकचे १३५० आणि २९२, भविष्यातल्या दोन पिकचे साधारण ६१०. म्हणजे ३००० पर्यंत पोचायला मूरला साधारण ७५० गुण द्यावे लागतात, पहिल्या फेरीच्या शेवटाकडच्या पिकएवढे. इथपर्यंत हिशोब पटण्यासारखा आहे. पण त्या पहिल्या पिकवर घेतलेला क्वार्टरबॅक ब्राइस यंग याच्या पहिल्या हंगामात पँथर्सने २ सामने जिंकले आणि १५ हरले, ४२० धरलेला तो पिक २०२४ चा पहिला पिक ठरला आणि बेअर्सने त्यावर केलेब विल्यम्सला घेतलं. चांगला संघ देत असेल तर उलट करा: त्याचा पुढच्या वर्षीचा पिक दुसऱ्या फेरीच्या शेवटाजवळ, तीनशेच्या आसपास मोजा.

तक्त्याचा एक दोष माहीत असू द्या. तो वरच्या पिकना फार जड किंमत लावतो. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर यांच्या संशोधनानेही हेच दाखवलं, की संघ वरच्या पिकसाठी गरजेपेक्षा जास्त मोजतात. त्यात लीग आणि खेळाडूंच्या संघटनेत २०११ मध्ये झालेल्या करारानंतर नवख्यांचे पगार ठरावीक झाले. २०१० च्या पहिल्या पिकला, सॅम ब्रॅडफर्डला, ७.८ कोटी डॉलरचा सहा वर्षांचा करार मिळाला होता. २०११ च्या कॅम न्यूटनला चार वर्षांचे सुमारे २.२ कोटी. म्हणजे वरचे पिक स्वस्त झाले, आणि तक्ता त्याआधीचा आहे. म्हणून समोरचा संघ साधारण काय मागेल हे कळण्यापुरता तक्ता वापरा. पिकचं खरं मोल त्यातून कळत नाही. थोडं जास्त देऊन क्वार्टरबॅक घेतला तर ते समजण्यासारखं आहे. तेवढंच जास्त देऊन रनिंग बॅक (चेंडू घेऊन पळणारा) घेतला तर नाराज व्हायला हरकत नाही.

'रीच', म्हणजे खेळाडूला त्याच्या लायकीपेक्षा वरच्या क्रमांकावर घेतलं, हा आरोप करताना एक गोष्ट तपासा: त्या संघाचा पुढचा पिक कितवा होता? तोवर तो खेळाडू उरला असता का? खेळाडूंच्या क्रमवारीच्या याद्यांमध्ये २० वा आणि ३० वा यांत फारसं अंतर नसतं, ५ वा आणि ३५ वा यांत असतं. २०२० मध्ये ग्रीन बे पॅकर्सने ३० वा आणि १३६ वा पिक देऊन २६ वा घेतला आणि त्यावर क्वार्टरबॅक जॉर्डन लव्हला निवडलं. चाहत्यांना रिसीव्हर हवा होता, राग त्याचा होता. सौद्यात मात्र पॅकर्सने तक्त्याप्रमाणे ६५८ देऊन ७०० घेतले, म्हणजे स्वस्तात. राग खेळाडूवर असेल तर तसं म्हणा, ट्रेडवर काढू नका.

आधीपासून लीगमध्ये खेळणारा खेळाडू ट्रेडमध्ये गेला तर करार पाहिल्याशिवाय बोलू नका. सायनिंग बोनसचा (सही करताना मिळालेल्या रकमेचा) सॅलरी कॅपवर, म्हणजे संघाच्या पगारखर्चाच्या मर्यादेत, अजून न धरलेला भाग 'डेड मनी' म्हणून जुन्या संघाच्याच खात्यात राहतो. नव्या संघाला बहुधा नवा, महाग करार द्यावा लागतो. २०२२ मध्ये फिलाडेल्फिया ईगल्सने १८ वा आणि १०१ वा पिक देऊन टेनेसी टायटन्सकडून रिसीव्हर ए. जे. ब्राउनला आणलं आणि लगेच चार वर्षांचा १० कोटी डॉलरचा करार दिला. टायटन्सने १८ व्यावर नवखा रिसीव्हर ट्रेलन बर्क्सला घेतलं. तुलना ब्राउन विरुद्ध बर्क्स अशी करू नका. एका बाजूला ब्राउन आणि वर्षाला अडीच कोटींचा खर्च ठेवा, दुसऱ्या बाजूला बर्क्स, एक जादा पिक आणि मोकळा झालेला पैसा. मैदानावरचा निकाल त्यानंतर ईगल्सच्या बाजूने लागला, तरी त्या रात्रीचं वजन असंच करायचं.

खेळाडूंबद्दलचं मत नोंदवा जरूर, पण पेन्सिलीने. १९९९ मध्ये ईगल्सने दुसऱ्या क्रमांकावर क्वार्टरबॅक डोनोव्हन मॅकनॅबचं नाव पुकारलं, तेव्हा रनिंग बॅक रिकी विल्यम्स हवा असलेल्या चाहत्यांनी सभागृहात हुर्यो उडवली. मॅकनॅब ११ हंगाम ईगल्सकडून खेळला आणि संघाला पाच वेळा कॉन्फरन्सच्या (लीगच्या दोन गटांपैकी एकाच्या) अंतिम सामन्यात घेऊन गेला.

वहीत प्रत्येक ट्रेडसाठी एक ओळ ठेवा: दिलेले पिक, घेतलेले पिक, गुणांचा फरक, आणि त्या क्रमांकावर तुम्ही कोणाला घेतलं असतं त्याचं नाव. हे शेवटचं नाव निवड जाहीर होण्याआधी लिहा, नाहीतर नकळत बदलतं. मग ओळीसमोर तीन वर्षांनंतरचा मे महिना टाका. पहिल्या फेरीतल्या खेळाडूच्या चार वर्षांच्या करारात संघाला पाचवं वर्ष जोडता येतं. ते घ्यायचं की नाही हे संघाला तिसऱ्या हंगामानंतरच्या मेच्या सुरुवातीपर्यंत ठरवावं लागतं, आणि त्या वर्षाचा पगार हमीचा असतो. संघाने ते वर्ष घेतलं का हे पाहून मगच दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शाईने लिहा.