विरजणाचं दूध गार करताना

सांगलीतला एप्रिल. वीस लिटर तापवलेलं दूध विरजणाच्या 43-45 अंशांवर यायला तीन तास जायचे. प्लेटचा चिलर बघितला, म्हणजे पातळ पत्र्यांच्या फटींतून एकीकडनं दूध, दुसरीकडनं गार पाणी नेणारं यंत्र. झटपट गार करतो, पण फटीत साय अडकली तर धुणार कोण? मग दुधात नळीचं वेटोळं बुडवून आतनं गार पाणी सोडायचं ठरवलं. तांब्याचं वेटोळं नको, त्यानं दुधाची चरबी खवट होते. म्हणून स्टीलच्या नळीचं वेटोळं करून घेतलं, सांधे पातेल्याबाहेर ठेवले आणि नळाचा पाइप जोडला.

पहिल्या दिवशी फज्जा! नळीलगतचं दूध कोमट, मधलं चटका देणारं. आई म्हणाली, "अरे, डावानं ढवळ की जरा!" ढवळलं, अन् वीस मिनिटांत काम झालं. पाणी मात्र पहाटेचंच घेतो. दुपारी टाकीतनं चहाच येतो. बाहेर पडणाऱ्या गरम पाण्यात भांडी निघतात.