नवी मुंबईत नर्सिंग कॉलेजात शिकवायला आलाय? आधी फाइल, मग रूम

मी मूळची बार्शीची. २०११ च्या जूनमध्ये एक सुटकेस, एक उशी आणि मार्कलिस्टांची पिशवी घेऊन नेरुळ स्टेशनला उतरले, पाऊस असा की पिशवी डोक्यावर न धरता पोटाशी धरली होती. आता इथलीच झालेय, म्हणजे आईला फोनवर "घरी येते" म्हणू की "गावी येते" हा गोंधळ व्हायला लागलाय. दरवर्षी अ‍ॅडमिशनच्या सुमारास सोलापूर, लातूर, सांगली, जळगावकडून एमएस्सी झालेल्या मुली (आणि आता बरेच मुलगेपण) ट्यूटर म्हणून इकडे येतात आणि कुणाकडून तरी माझा नंबर मिळवून एकच विचारतात, "ताई, रूम कुठे बघू?" अगं रूम मिळते, ब्रोकर मागे लागून देतो. आधी तुझी फाइल कुठाय ते सांग.

फाइल म्हणजे काय ते नीट सांगते कारण मला कुणी सांगितलं नव्हतं. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन चालू आहे का, त्यावर एमएस्सीची अ‍ॅडिशनल क्वालिफिकेशन चढवली का हे पहिलं. आपल्या सीमेकडच्या अर्ध्या पोरी कर्नाटकात शिकलेल्या असतात, त्यांचं रजिस्ट्रेशन तिकडच्या कौन्सिलचं, मग तिथून एनओसी आणून इथं नोंद करायची, यात वेळ जातो, तेव्हा नोकरी लागायची वाट न बघता गावी असतानाच अर्ज टाका. मग इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या एनआरटीएसमध्ये (देशभरच्या नर्सेसची ऑनलाइन नोंदवही) नोंद होऊन मिळणारा एनयूआयडी, म्हणजे नर्सचा स्वतःचा नंबर. आधीच्या प्रत्येक नोकरीचं रिलीव्हिंग लेटर आणि एक्सपिरियन्स लेटर, त्यावर जॉइन झाल्याची आणि सोडल्याची तारीख स्पष्ट, "सुमारे दोन वर्षे काम केले" असलं चालत नाही. सॅलरी स्लिप, फॉर्म १६, बँक स्टेटमेंट जपा, इन्स्पेक्शनला, म्हणजे कॉलेजच्या तपासणीला, मागतात. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाचं टीचर अ‍ॅप्रूव्हल झालं, म्हणजे शिक्षक म्हणून मान्यता मिळाली, की त्या पत्राची कॉपी त्याच दिवशी मागून घ्या, ऑफिसातले "आमच्याकडे आहे ना मॅडम" म्हणतात, म्हणू देत. पुढे प्रमोशनच्या वेळी अनुभव मोजायला बसले की अ‍ॅप्रूव्हल नसलेल्या काळावरून भांडणं होतात, मी दोघीतिघींची बघितलीत. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या जागी नॅशनल नर्सिंग अँड मिडवायफरी कमिशन आणणारा कायदा २०२३ ला पास झालाय, त्यामुळे फॉर्मवरची नावं बदलतील, कागद तेच लागतील.

आता ओरिजिनलचं. माझ्या पहिल्या कॉलेजात (नाव घेत नाही) जॉइन होताना सगळी ओरिजिनल सर्टिफिकेटं जमा करून घेतली, पोचसुद्धा दिली नाही, आणि मी पण दिली कारण नवीन होते आणि समोर बसलेले सर अगदी वडिलांसारखे बोलत होते. दीड वर्षाने दुसरीकडे चांगली ऑफर आली तर म्हणे इन्स्पेक्शन होऊ दे मग बघू. इन्स्पेक्शन झालं, मग म्हणे अकाउंट्सवाले सुट्टीवर आहेत. चार महिने फेऱ्या मारल्या, तोवर ती जागा गेली. शेवटी मामा बार्शीहून आले आणि ऑफिसात दोन तास नुसते बसून राहिले, तेव्हा कपाट उघडलं. तेव्हा ओरिजिनल दाखवा, पडताळून घेऊ द्या, हातात सेल्फ अटेस्टेड कॉपी द्या आणि घरी आणा. अगदीच सोडावी लागली तर सही शिक्क्याची पोच घ्या, काय काय दिलं त्याची यादी त्याच पोचेवर. आणि कुणी म्हणालं की रोज यायची गरज नाही, फक्त इन्स्पेक्शनला तोंड दाखवा, महिन्याला अमुक देतो, तर तिथून उठा. नाव तुमचं, रजिस्ट्रेशन तुमचं, अडकणार पण तुम्हीच.

रूमबद्दल. कॉलेजच्या गेटसमोर घेऊ नका, स्टेशनजवळ घ्या. कारण आपलं काम कॉलेजात कमी आणि पोस्टिंगला (मुलींना घेऊन हॉस्पिटलात नाहीतर गावात शिकवायला जायचं) जास्त. कॉलेज बेलापूरला असलं तरी सायकियाट्रीची पोस्टिंग ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात लागू शकते, कम्युनिटीची पनवेल तालुक्यातल्या एखाद्या गावात, आणि कॉलेजची बस सकाळी कुणासाठी थांबत नाही. ट्रान्सहार्बर लाइनवर, म्हणजे ठाण्याहून वाशीकडे आणि पनवेलकडे जाणाऱ्या गाड्यांवर, राहिलात तर दोन्हीकडे जाता येतं. नेरुळ, खारघर महाग पडतं, कामोठे, खांदेश्वर जरा बरं. तळोज्याच्या बाजूला आता २०२३ पासून बेलापूर ते पेंधर मेट्रो झालीय, पूर्वी तिकडे संध्याकाळी रिक्षावाल्याची मनधरणी करावी लागायची. अ‍ॅग्रीमेंट अकरा महिन्यांचं असतं, रजिस्टर करून घ्या, पत्त्याचा पुरावा म्हणून पुढे दहा ठिकाणी लागतं.

आता खरी नोकरी जिथं टिकते तिथं येऊ, वॉर्डात. माझा पहिला आठवडा, मेल मेडिकल वॉर्ड, दुसऱ्या वर्षाच्या बारा मुली, मी कोपऱ्यात लॉगबुकवर सह्या करत उभी. एका मुलीने इनटेक आउटपुट चार्ट भरलाच नव्हता, दुसरीने बीपीचा कफ पेशंटच्या उशाशी सोडलेला. इन्चार्ज सिस्टर आल्या, चष्मा नाकावर, आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "मॅडम, ह्या पोरी तुमच्या की आमच्या?" मी काय बोलणार. घरी येऊन रडले, खोटं कशाला सांगू. दुसऱ्या दिवशी एका सीनियर मॅडमनी, त्या कोट्टायमच्या, मराठी माझ्यापेक्षा गोड, मला सांगितलं की पोस्टिंग सुरू व्हायच्या आदल्या दिवशी एकटीने वॉर्डात जायचं. मुली नाहीत, बॅच नाही, नुसतं जायचं, सिस्टरांना विचारायचं की राउंड किती वाजता होतो, ड्रेसिंग कधी करता, हँडओव्हरला मुली उभ्या राहिल्या तर चालेल का, कुठल्या पेशंटला हात लावलेला नको. आणि आपले क्लिनिकल ऑब्जेक्टिव्ह त्यांच्या हातात द्यायचे, म्हणजे त्यांना कळतं या मुली आज नेमक्या काय शिकायला आल्यात. ग्लोव्ह्जचं एक पाकीट आपलं न्यायचं, वॉर्डातला स्टॉक संपवायचा नाही. मी तेव्हापासून हे एकदाही चुकवलं नाही. त्याच सिस्टर पुढच्या वर्षी स्वतः फोन करायच्या, "ट्रॅकिओस्टॉमी केअर आहे मॅडम, पोरींना घेऊन या लवकर." कुठल्याही वर्कशॉपपेक्षा हा फोन मोठा.

वर्कशॉप पण कराच, तो भाग सोडू नका. मेडिकल एज्युकेशन टेक्नॉलॉजीचा आणि रिसर्च मेथडॉलॉजीचा, विद्यापीठाने मान्य केलेला असेल तोच, सर्टिफिकेट फाइलला. बीएलएस, एसीएलएस (सीपीआर आणि तातडीच्या उपचारांचे कोर्स) केलं असेल तर कार्डावरची तारीख बघा, अमेरिकन हार्ट असोसिएशनचं कार्ड दोन वर्षांनी संपतं आणि मग आपणच मुलींना सीपीआर शिकवतोय आणि आपलंच कार्ड एक्स्पायर, असं माझं झालंय. दुसरं म्हणजे आपण शिकलो ते वार्षिक पॅटर्नला, २०२१ पासून बीएस्सीला आठ सेमिस्टर आणि क्रेडिट आलेत, स्किल लॅब आणि सिम्युलेशनचे तास वेगळे मोजतात. तुमच्या जुन्या वह्या छान असतील, त्यावरून लेसन प्लॅन काढू नका, मी एकदा काढला आणि सेमिस्टर संपायला तीन आठवडे असताना कळलं की अर्धं युनिट राहिलंय.

ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडियाची मेंबरशिप घ्या. १९०८ ची संघटना आहे, नर्सिंग जर्नल ऑफ इंडिया त्यांचंच. पैसे गेल्यासारखं वाटेल पहिल्यांदा, पण मला पीएचडीचा गाइड त्यांच्याच एका कार्यक्रमात चहाच्या रांगेत भेटला. वाचायला जर्नल्स मिळत नाहीत ही तक्रार बरोबर आहे, वन नेशन वन सबस्क्रिप्शन, म्हणजे जर्नल्स वाचायला देणारी केंद्राची योजना, २०२५ ला सुरू झालं ते सरकारी संस्थांसाठी, आपल्या खाजगी कॉलेजांना त्यातून काही नाही. पबमेड सेंट्रलवर पूर्ण लेख फुकट आहेत, तिथून सुरुवात करा, आणि सरकारच्या 'स्वयम्' या ऑनलाइन पोर्टलवर शिकवण्याबद्दलचे कोर्स असतात. लायब्ररियन काकांशी गोड बोला. खरंच.

पैशाचं बोलायला आपल्याला लाज वाटते, पगार विचारला तरी "ठीक आहे" म्हणतो. पीएफ कापतात का आणि भरतात का हे दोन वेगळे प्रश्न आहेत, यूएएन (पीएफचा आपला नंबर) अ‍ॅक्टिव्हेट करून पासबुक स्वतः बघा. ग्रॅच्युइटी शिक्षकांना नसते असं तुम्हाला कुणीतरी सांगेल, २००९ च्या दुरुस्तीने ती शिक्षकांना लागू झाली, तीही ३ एप्रिल १९९७ पासून धरून, आणि सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये ते कायम केलं. पाच वर्षं पूर्ण व्हायला दोन महिने असताना रागाने राजीनामा टाकू नका. बाळंतपणाची रजा पगारी २६ आठवडे (पहिल्या दोन मुलांसाठी), त्याआधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलं हवं. लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी इंटर्नल कमिटी असायलाच हवी, त्यातल्या मेंबरांची नावं नोटीस बोर्डवर लावलेली असतात, नसतील तर विचारा. आणि झोप येत नाही, कॉलेजला जायच्या विचाराने पोटात गोळा येतो असं आठवडेच्या आठवडे चाललं तर १४४१६ वर फोन करा, टेली मानस, मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, सरकारी आहे, मराठीत बोलतात. आपण सायकियाट्री शिकवतो आणि स्वतःसाठी फोन उचलत नाही.

भाषेबद्दल एक राहिलंच. कम्युनिटी पोस्टिंगला आगरी गावात गेले तेव्हा एका आजींना बीपी होतं, मी आपली बार्शीच्या थाटात सांगतेय की आजी ज्वारीची भाकरी खा, मीठ कमी करा, लोणचं नको. आजी पदराआड हसत होत्या. सून म्हणाली आमच्यात तांदळाची भाकरी असते मॅडम, आणि लोणचं कोण खातं, आम्ही सुकट खातो. चुलीच्या वर बोंबील, वाकट्या टांगलेल्या समोरच दिसत होत्या, सगळं खारवलेलं, आणि माझ्या डाएट चार्टमध्ये त्यातलं एक अक्षर नव्हतं. त्या दिवशी बसून मुलींसोबत नवीन चार्ट केला, सुकट किती, पाण्यात किती वेळ भिजवून पाणी टाकायचं, आठवड्यात किती वेळा, आणि सुनेकडूनच तपासून घेतला. तुम्ही पण गावाकडचा चार्ट इथं चिकटवू नका. आजींनी जाताना सुकटीची चटणी बांधून दिली होती, माझ्या शाकाहारी रूममेटने ती डब्यासकट गॅलरीत ठेवायला लावली.

तर रूम. मानसरोवर स्टेशनजवळ आमच्याच कॉलेजच्या दोघी जणी राहतात, तिसरी शोधतायत, डिपॉझिट तिघीत वाटून, मासे चालतात. फाइलच्या पहिल्या पानाचा फोटो पाठव, मग नंबर देते.