कार्टचं इंजिन खोलताय? जीएक्स२०० बांधताना या चुका टाळा

माझ्या कामाच्या टेबलावर एक तुटलेला कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा, कायम ठेवलेला असतो. होंडा जीएक्स२०० या छोट्या पेट्रोल इंजिनाचा, ॲल्युमिनियमचा, बिग एंडपाशी (क्रँकवर बसणाऱ्या टोकाशी) दोन तुकडे झालेला. त्याच्या एका बोल्टचे आटे धड आहेत, दुसऱ्याचे ओढले गेलेत. तो दुसरा बोल्ट मी हाताच्या अंदाजानं आवळला होता. इंजिन दोन दिवस उत्तम चाललं. तिसऱ्या दिवशी कार्ट, म्हणजे शर्यतीची छोटी उघडी गाडी, ट्रॅकच्या सरळ पट्ट्यावर असताना रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला आणि मागच्या वळणापर्यंत ऑइलची रेघ उमटली. चालवणाऱ्या मुलाला खरचटलंसुद्धा नाही, पण तो आवाज मी विसरलेलो नाही.

कार्ट आणि यंत्राच्या इंजिनाचं नातं जुनंच आहे. १९५६ मध्ये कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्सनं पहिली कार्ट बांधली, तीही गवत कापायच्या यंत्राच्या इंजिनावर. आपल्याकडे भाड्याच्या अनेक कार्टवर जीएक्स१६० किंवा जीएक्स२०० दिसतं. शेतातल्या पंपावर आणि तण काढायच्या विडरवरही हेच असतं, म्हणून स्पेअर मिळायला अडचण येत नाही. मात्र हे इंजिन सपाट जागी, एका चालीवर, मिनिटाला ३६०० फेऱ्यांच्या आसपास तासन्तास चालावं म्हणून घडवलेलं आहे. कार्टवर ते सतत चढतं-उतरतं, वळणावर आडवं ओढलं जातं, धक्के खातं. पंपावर खपून जाणारी चूक इथे खपत नाही.

सगळ्यात आधी रॉडचे बोल्ट. त्यांचा टॉर्क, म्हणजे आवळायचा जोर, फक्त १२ न्यूटन मीटर आहे. वीतभर पान्याच्या टोकाला सहा किलो वजन टांगलं तर पडेल, साधारण तेवढा जोर. मोटारीच्या गॅरेजमधला मोठा टॉर्क पाना इथे कामाचा नाही, एवढ्या खाली त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही. लहान पाना उसना आणा, पण आणाच. आटे धुऊन घ्या, थेंबभर ऑइल लावा आणि दोन्ही बोल्ट थोडे थोडे करत दोन-तीन टप्प्यांत आवळा. रॉड आणि त्याची कॅप (बोल्टनं बसणारा खालचा अर्धा भाग) यांच्यावरच्या खुणा जुळल्या पाहिजेत. एका रॉडची कॅप दुसऱ्या रॉडला कधीच लावू नका, कारण रॉड आणि त्याची स्वतःची कॅप यांचं भोक एकत्रच कापलेलं असतं. आवळून झाल्यावर रॉड क्रँकपिनवर बोटानं डावी-उजवीकडे हलवून पाहा. तो सहज सरकला पाहिजे. अडकला, तर पुढे जाऊ नका.

त्याच कॅपला खाली एक छोटं शेपूट असतं, त्याला डिपर म्हणतात. या इंजिनात ऑइलचा पंप नाही. हे शेपूट क्रँककेसमधलं ऑइल उडवतं आणि आतल्या प्रत्येक भागाला मिळतं ते तेवढंच ऑइल. डिपर वाकला किंवा ऑइल कमी पडलं की बिग एंड काही मिनिटांत जाम होतो. उलट, जास्त ऑइल बरं म्हणून पाऊण-एक लिटर ओतणारेही आहेत. मग डिपर त्याला फेस आणतो, ते ब्रीदरमधून (क्रँककेसमधली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) कार्बोरेटरकडे जातं आणि इंजिन पांढरा-निळा धूर मारायला लागतं. पुष्कळ जण तेव्हा पिस्टनच्या नव्या रिंगांना दोष देऊन इंजिन परत खोलतात. खरं माप सुमारे ०.६ लिटर, १०डब्ल्यू-३० ऑइल. पातळी बघताना ऑइलच्या झाकणाची दांडी नुसती आत टेकवायची, आटे फिरवून बसवायची नाही.

आता बोअर, म्हणजे सिलिंडरचं आतलं भोक. सिलिंडरचा मूळ व्यास ६८ मिलिमीटर, झिजेची हद्द ६८.१६५. हे मोजायला बोअर गेज लागतो, व्हर्नियरवर ही झीज पकडता येत नाही. हद्दीबाहेर गेलेल्या बोअरमध्ये नव्या रिंगा घालणं म्हणजे पैसे पाण्यात. तो ओव्हरसाइझ पिस्टनच्या मापाला वाढवून घ्यावा लागतो. कोल्हापुरात उद्यमनगरात बोअरिंग आणि होनिंगची (दगडानं बोअर घासून बारीक रेघा पाडण्याची) कामं उत्तम होतात. गडबड होते ती सिलिंडर घरी आणल्यावर.

होनिंगच्या दगडाची भुकटी बोअरच्या बारीक रेघांमध्ये अडकलेली असते. पेट्रोलनं धुतलं की बोअर चकाकतो, पण भुकटी तिथेच राहते. गरम पाणी, कपडे धुण्याची पावडर आणि ताठ ब्रश घ्या आणि घासा. मग पांढरा सुती कपडा ऑइलमध्ये बुडवून आतून फिरवा. पहिल्यांदा तो करडा निघेल. परत धुवा, परत पुसा. माझ्या हातून हे चार-पाच वेळा होतं, कधी सहा वेळा. कपडा पांढराच्या पांढरा बाहेर आला की लगेच बोअरला ऑइलचा हात फिरवा, कारण ओलं बीड बघता बघता तांबूस होतं. नवं इंजिन पहिल्याच दिवशी ऑइल खायला लागलं तर माझा पहिला संशय या धुण्यावर असतो.

रिंगा लगेच पिस्टनवर चढवू नका. प्रत्येक रिंग आधी नुसती बोअरमध्ये घाला, पिस्टननं सरळ ढकला आणि रिंगेच्या दोन टोकांमधल्या फटीत फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून बघा. ०.२ ते ०.४ मिलिमीटर फट हवी. फट कमी असली तर तापल्यावर रिंगेची टोकं एकमेकांना भिडतात आणि बोअर खरवडला जातो. रिंगेवरचं अक्षर वरच्या बाजूला ठेवा आणि तिन्हींच्या फटी एका रेषेत आणू नका. पिस्टनच्या डोक्यावरचा त्रिकोण पुशरॉडच्या बाजूला. पिनच्या क्लिपा नव्याच घ्या. दहा-वीस रुपयांसाठी जुनी क्लिप परत वापरलेला एक सिलिंडर मी पाहिलाय, वरपासून खालपर्यंत खोल चर पडला होता.

व्हॉल्व्ह उघडणारा कॅम बसवताना क्रँकच्या गिअरवरचा ठिपका आणि कॅमवरचा ठिपका समोरासमोर येऊ द्या. एक दात चुकला तरी इंजिन कधी कधी सुरू होतं, म्हणून ही चूक लपून राहते. ताकद मात्र गायब असते. साइड कव्हर बोल्टनं ओढून बसवू नका. ऑइल सील दुमडतं, वेगाला लगाम घालणाऱ्या गव्हर्नरचा स्लायडर जागचा निसटतो. कव्हर हातानं ठोकठाक न करता बसलं पाहिजे, मगच बोल्ट तिरपे-तिरपे आवळायचे. २४ न्यूटन मीटर. हेडचे बोल्टही तेवढेच.

टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, थंड इंजिनावर लावा: इनलेट ०.१५, एक्झॉस्ट ०.२० मिलिमीटर. या इंजिनाच्या कॅमवर डिकॉम्प्रेसर असतो. इंजिन सुरू करायची दोरी हलकी जावी म्हणून तो कॉम्प्रेशनच्या वेळी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जरासा उचलतो. पिस्टन नीट वर आणला नाही, तर तुम्ही त्या उचललेल्या व्हॉल्व्हवरच माप घेता. याच डिकॉम्प्रेसरमुळे कॉम्प्रेशन गेजवर आकडा कमी दिसतो आणि लोक चांगलं इंजिन बिघडलेलं समजतात. त्यापेक्षा पिस्टन कॉम्प्रेशनला वर धरून प्लगच्या भोकातून थोडी हवा भरा आणि कान द्या. कार्बोरेटरमधून फुसफुस आली तर इनलेट, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट, ऑइलच्या भोकातून आली तर रिंगा.

फ्लायव्हील पुलरनंच काढा. हातोड्यानं त्याची कड फुटते, शिवाय क्रँकला मार बसतो. बसवताना टेपर (क्रँकचं निमुळतं टोक) कोरडा आणि स्वच्छ हवा, नट ७५ न्यूटन मीटरला. नट सैल राहिला की फ्लायव्हील आणि क्रँक यांच्यामधली छोटी चावी कापली जाते, टायमिंग सरकतं, आणि दोरी हाताला उलटा झटका देते. प्लगवर ठिणगी आहे, पेट्रोल आहे, तरी सुरू होत नाही? आधी ही चावी काढून बघा.

आणि गव्हर्नर. तो काढला की इंजिन मिनिटाला ३८५० फेऱ्यांच्या पुढे पळतं, हे प्रत्येक कार्टवाल्या पोराला माहीत असतं. पण मूळ फ्लायव्हील ओतीव बिडाचं आहे आणि ते चालवणाऱ्याच्या कमरेशेजारी फिरतं. ते फुटलं तर वरचं पत्र्याचं कव्हर त्याला अडवू शकत नाही. बिलेट (अखंड धातूतून कापलेला) रॉड आणि रेसिंगचं फ्लायव्हील बसवल्याशिवाय गव्हर्नरला हात लावू नका. माझ्याकडे कोणी मुलगा असं इंजिन घेऊन आला तर मी ते सुरूच करत नाही, मग तो कितीही रागावो.

पेट्रोलचंही बघा. होंडा या इंजिनांसाठी १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल सांगते आणि आपल्याकडे पंपांवर आता २० टक्क्यांचं मिळतं. कार्ट आठवडाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटरची वाटी रिकामी करून ठेवा, नाहीतर जेट चिकटतो.

लांब वळणावर इंजिन अचानक बंद पडतं आणि बाहेर आल्यावर सुरू होतं, ही तक्रार मला नेहमी ऐकू येते. ऑइल अलर्ट (ऑइल कमी झालं की इंजिन बंद करणारा सेन्सर) असलेल्या इंजिनात तो सेन्सर तळाशी बसवलेला असतो. वळणात ऑइल एका बाजूला गेलं की त्याला ऑइल संपल्यासारखं वाटतं आणि तो ठिणगी बंद करतो. म्हणून कार्टवर त्याची वायर सोडतात. सोडलीत, तर प्रत्येक फेरीआधी इंजिन बंद करून, कार्ट सपाट जागी उभी करून दांडी बघायची.