चायनीज विद्यार्थ्यांना 'बिड' शिकवताना

ऑनलाइन इंग्लिश शिकवत असाल आणि समोर मँडरिन बोलणारे असतील तर 'बिड'चा एकच अर्थ सांगून मोकळं होऊ नका, कारण त्यांच्याकडे कामागणिक शब्द बदलतो, लिलावात बोली लावली की छूज्या, टेंडर भरलं की थौब्याओ आणि ऑलिम्पिकचं यजमानपद मागितलं की शनबान. बीजिंगचंच उदाहरण द्या ना, १९९३ ला २००० च्या ऑलिम्पिकची बिड सिडनीपुढे फक्त दोन मतांनी हुकली, मग २००१ मध्ये २००८ ची मिळाली, घरचं उदाहरण असलं की लगेच डोक्यात बसतं.

हेडलाइनमधलं 'इन अ बिड टू' मात्र वेगळं, तिथे ना पैसे ना बोली, नुसता प्रयत्न.

भूतकाळात लिलाववालं बिड बिडच राहतं, 'बिडेड' लिहिलं की खोडा. 'बिड फेअरवेल'चं 'बेड' होतं, पण ते जुन्या वळणाचं, वाचताना कळलं तरी पुरे.

आणि हो, उच्चार! मँडरिनमध्ये शब्दाच्या शेवटी 'ड' येतच नाही, त्यामुळे 'बिट' ऐकू येतं. 'ड'च्या आधीचा स्वर किंचित लांबवायला सांगा, पण इतकाही नको की आपला बीड जिल्हा होईल 😄