अ‍ॅडव्हेंचर टूरिंग बाईकच्या भरवशाची तुलना कशी करावी

दोन अ‍ॅडव्हेंचर बाईकमधली जास्त भरवशाची कोणती, असे विचारले की बहुतेक वेळा कंपनीचे नाव ऐकायला मिळते. जपानी घ्या आणि निर्धास्त राहा, युरोपियन घेतली तर गॅरेजच्या चकरा मारा. यात तथ्य नाही असे नाही. अमेरिकेतल्या 'कन्झ्युमर रिपोर्ट्स'ने 2015 मध्ये 12,000 हून जास्त मोटरसायकलींची माहिती मालकांकडून गोळा केली. चार वर्षांच्या गाडीत बिघाड होण्याचे अंदाजे प्रमाण यामाहाचे 11 टक्के, सुझुकी आणि होंडाचे 12, ट्रायम्फचे 29 आणि बीएमडब्ल्यूचे 40 टक्के निघाले. पण हे आकडे त्या-त्या कंपनीच्या सगळ्या प्रकारच्या गाड्यांचे मिळून आहेत, तेही 2008 ते 2014 मध्ये घेतलेल्या. 2016 ची होंडा आफ्रिका ट्विन किंवा 2019 ची यामाहा टेनेरे 700 त्यात असणे शक्यच नाही. तेव्हा कंपनीचे नाव बाजूला ठेवा आणि गाडी पाहा.

वापर ठरवा

वर्षाला किती किलोमीटर, त्यात खडी-माती किती, मागे माणूस आणि सामान किती. तीन ओळींत लिहून ठेवा.

नाव नको, पिढी धरा

बीएमडब्ल्यूची आर 1200 जीएस 2004 मध्ये आली आणि 2013 मध्ये तेच नाव ठेवून जवळजवळ नवी झाली. हवा-तेलावर थंड होणाऱ्या इंजिनाला पाण्याची जोड मिळाली, कोरडा क्लच जाऊन तेलातला आला, चेनऐवजी मागच्या चाकाला ताकद पोचवणारा दांडा, म्हणजे शाफ्ट, उजवीकडून डावीकडे गेला. जुन्या गाडीच्या फायनल ड्राइव्हच्या (शाफ्टच्या मागच्या टोकाला, चाकाशी असलेल्या गिअरच्या) बेअरिंगची तक्रार नव्या गाडीच्या खात्यावर टाकणे चूक आहे. आफ्रिका ट्विनचेही तसेच आहे: 2016 ची 998 सीसी वेगळी, 2020 ची 1084 सीसी वेगळी. याउलट सुझुकीच्या व्ही-स्ट्रॉम 650 मध्ये 645 सीसीचे इंजिन 2004 पासून मूळ रचना न बदलता चालत आले आहे, त्यामुळे तिच्याबद्दलचा जुना अनुभवही बराच उपयोगी पडतो. यादीत मॉडेल, वर्ष आणि इंजिन तिन्ही लिहा. बाजारात येऊन वर्षही न झालेली गाडी तुलनेत घेऊच नका. तिच्याबद्दल अजून कोणालाच काही माहीत नसते.

बिघाडांची प्रतवारी करा

तीन रकाने पुरतात. पहिला: गाडी जागेवर थांबली. फ्युएल पंप गेला, स्टेटर (इंजिनावर वीज तयार करणारी कॉइल) जळला, क्लच संपला. दुसरा: गाडी चालली, पण प्रवास बदलावा लागला. फोर्कचे सील फुटले, हँडलच्या बेअरिंगला खाच पडली. तिसरा: नुसता त्रास. डिस्प्लेत वाफ धरली, क्विकशिफ्टर (क्लच न दाबता गिअर बदलण्याची सोय) अडकतो. घरापासून लांब जाणाऱ्याने निर्णय पहिल्या रकान्यावर घ्यावा. तिसऱ्या रकान्याची गर्दी पाहून चांगली गाडी नाकारणारे फार दिसतात.

किलोमीटरने भागा

खरी अडचण इथे आहे, आणि बहुतेक तुलना इथेच फसतात. लोक तक्रारी मोजतात. जी गाडी जास्त खपते आणि जास्त चालते तिच्या तक्रारी जास्त असणारच. तक्रारींच्या आकड्याला खाली छेद हवा, आणि तो छेद म्हणजे त्या सगळ्या गाड्यांचे मिळून झालेले किलोमीटर.

उदाहरण घेऊ. 'अ' गाडीच्या 40 मालकांकडून माहिती मिळाली. एकूण 12,00,000 किमी, गाडी जागेवर थांबली 12 वेळा. 'ब' गाडीचे 15 मालक, एकूण 1,50,000 किमी, थांबली 3 वेळा. नुसत्या तक्रारी पाहिल्या तर 'ब' उजवी वाटते. भागाकार केला की 'अ' दर 1,00,000 किलोमीटरला एकदा थांबते आणि 'ब' दर 50,000 किलोमीटरला.

इथे थांबू नका, कारण या हिशोबातही 'अ'वर अन्याय झाला आहे. 'अ' गाड्या सरासरी 30,000 किमी झालेल्या आहेत, 'ब' गाड्या जेमतेम 10,000. वय झालेल्या गाडीचे झिजेचे आजार 'अ'च्या खात्यात आले, 'ब'चे अजून यायचेच आहेत. म्हणून किलोमीटरचे टप्पे पाडा: 0 ते 10,000, तिथून 30,000, तिथून 60,000 आणि त्यापुढे. समजा सगळ्या 'अ' गाड्यांनी 10,000 चा टप्पा ओलांडला आहे आणि 12 पैकी 2 च बिघाड त्या टप्प्यात झाले. म्हणजे 4,00,000 किलोमीटरमध्ये 2, दर 2,00,000 ला एक. बरोबरीच्या वयात 'अ' दुप्पट नव्हे, चौपट सरस ठरते. टप्पे न पाडता काढलेली सरासरी मी तरी विचारात घेत नाही.

आता उलट बाजूचा इशारा. 'ब'चे बिघाड तीनच आहेत. त्यातला एक योगायोगाने टळला असता तर आकडा 75,000 झाला असता, एक वाढला असता तर 37,500. इतक्या लहान आकड्यावर पहिला-दुसरा क्रमांक लावू नका. बिघाड दहाच्या आत असतील तर फक्त मोठी तफावतच ग्राह्य धरा.

माहिती गोळा करतानाही एक खोट राहते. गाडी बंद पडलेला माणूस सविस्तर लिहितो, सुरळीत चालणारा गप्प बसतो. म्हणून 'कोणाला काय त्रास झाला?' असे विचारूच नका. 'मीटर किती झाले आणि आतापर्यंत गाडी रस्त्यात किती वेळा थांबली?' असे सगळ्यांना विचारा. 'एकदाही नाही' हे उत्तर तितक्याच काळजीने टिपून घ्या, छेद त्यातूनच तयार होतो. आणि दीड लाख किमी झालेली एक गाडी दाखवून कोणी मॉडेलचे गोडवे गाऊ लागला, तर त्या पल्ल्याआधीच भंगारात गेलेल्या किती, हे विचारा. टिकलेली तेवढीच डोळ्यांसमोर असते.

शेवटची चाळणी कारणाची. एअर फिल्टर वेळेवर न बदलल्याने धूळ खाऊन गेलेली पिस्टन रिंग हा गाडीचा दोष नाही. बाहेरून लावलेल्या दिव्यांसाठी वायर मध्येच कापून जोडली आणि तिथे शॉर्ट झाला, तोही नाही. हे वगळा, पण दोन्ही गाड्यांसाठी नियम एकच ठेवा. आवडत्या गाडीचे बिघाड 'मालकाची चूक' आणि नावडतीचे 'कंपनीची चूक' ठरवण्याचा मोह जबरदस्त असतो.

दोष आहे की नाही, यापेक्षा त्यावर इलाज आहे का ते पाहा

1987 मध्ये आलेल्या कावासाकी केएलआर 650 च्या इंजिनात बॅलन्सर चेनचा (इंजिनाची थरथर कमी करणाऱ्या भागांना फिरवणाऱ्या साखळीचा) ताण धरणारा एक छोटा लिव्हर असतो. मालक त्याला 'डूहिकी' म्हणतात. स्प्रिंग ढिली पडणे किंवा लिव्हर तुटणे हा तिचा जगजाहीर दोष. 2008 मध्ये कंपनीने भाग बदलला आणि बाहेरही मजबूत लिव्हर मिळतो. तो बसवला की ही गाडी वर्षानुवर्षे चालते. ज्ञात दोष आणि ज्ञात इलाज असलेली गाडी मला अनोळखी गाडीपेक्षा केव्हाही जवळची वाटते. मेकॅनिकला 'गाडी कशी आहे?' विचारण्याऐवजी 'या गाडीचा कोणता भाग नेहमी आणून ठेवावा लागतो?' असे विचारा.

रिकॉल आणि सर्व्हिसचे अंतर

रिकॉल, म्हणजे दोष दुरुस्त करण्यासाठी कंपनीने गाड्या परत बोलावणे, निघाला म्हणून गाडी वाईट ठरत नाही. चासी नंबरवरून काम झाले आहे का, एवढे तपासा. व्हॉल्व्ह क्लिअरन्स (इंजिनातल्या व्हॉल्व्हची बारीक फट) तपासण्याचे अंतर व्ही-स्ट्रॉम 650 ला 24,000 किमी आहे, डुकाटीच्या मल्टिस्ट्राडा व्ही4 ला 60,000. हा देखभालीच्या खर्चाचा फरक आहे, भरवशाचा नव्हे. खर्च आणि भरवसा एका रकान्यात टाकू नका.

शाफ्ट आणि चेनबद्दल मात्र ठाम बोलता येते. चेन 20,000 ते 30,000 किमी टिकते, पण संपत आल्याचे डोळ्यांना दिसते. स्प्रॉकेटचे दात एका बाजूला वाकतात, मागच्या टोकाला चेन बोटाने ओढली की दातावरून उचलली जाते. शाफ्टची झीज बाहेरून दिसत नाही. बीएमडब्ल्यूने 2022 मध्ये पाण्याने थंड होणाऱ्या जीएसचा शाफ्ट दर 60,000 किमीला बदलायला सांगितले, ते यासाठीच. ते काम झाल्याची नोंद नसेल तर शाफ्ट बदलायचाच आहे असे धरून चाला.

समोरच्या गाडीवर हात ठेवा

जुनी गाडी घेत असाल तर मॉडेलचा हिशोब इथे संपतो आणि त्या एका गाडीचा सुरू होतो. पुढचे चाक अधांतरी ठेवून हँडल सावकाश मधून फिरवा. मध्यावर टक्क अडकले तर बेअरिंग गेले. स्पोकवर पान्याने हलके वाजवा, सैल स्पोकचा आवाज बद्द येतो. शाफ्टची गाडी असेल तर मागचे चाक वर-खाली धरून हलवा, खडखड जाणवता कामा नये.

मग मल्टिमीटर बॅटरीच्या टोकांना लावा. इंजिन बंद असताना सुमारे 12.6 व्होल्ट, 4,000 आरपीएमला 13.8 ते 14.5. त्यापेक्षा कमी असेल तर स्टेटर, रेग्युलेटर-रेक्टिफायर (स्टेटरची वीज बॅटरीजोगी करणारा भाग) किंवा त्यांचा कनेक्टर खराब. 15 च्या वर गेले तर रेग्युलेटर जवळपास नक्की. कनेक्टर उघडून पाहा, पांढऱ्या प्लॅस्टिकला तपकिरी डाग असेल तर तिथे उष्णता साचते आहे. ही मोजणी गाडी थंड असताना करून भागत नाही. अर्धा तास चालवून, इंजिन पुरते तापल्यावर पुन्हा करा. मरायला टेकलेला स्टेटर थंडपणी अनेकदा ठणठणीत आकडा दाखवतो.