गरोदरपणात गोळ्या घेता, पण अंगाला लागतात का? या चुका टाळा

लोहाच्या लाल गोळीचं आणि चहाचं अजिबात पटत नाही. आपल्या सोलापुरात तर चहाशिवाय दिवस उजाडत नाही. विड्या वळणारी बाई असो की ऑफिसला निघालेली, सकाळी चहा-खारी आणि त्याच घोटावर गोळी, असं कितीतरी घरांत चालतं. चहातले टॅनिन लोहाला धरून ठेवतात. गोळी पोटात जाते, रक्तात पोचत नाही. मग सातव्या महिन्यात हिमोग्लोबिन नऊवरच अडकलेलं दिसतं आणि घरात ठरतं की सरकारी गोळ्या हलक्या असतात, बाहेरून महागाचं टॉनिक आणू. टॉनिक राहू द्या. आधी चहा आणि गोळी यांच्यात दीड-दोन तासांचं अंतर ठेवून बघा.

दुसरी चूक याहून जास्त घरांत होते: लोह आणि कॅल्शियमची गोळी एकदमच घेणं. 'एकदाच काय ते गिळून टाकते' म्हणतात, पण कॅल्शियम लोहाला आत शिरू देत नाही. रात्री दुधाच्या पेल्याबरोबर लाल गोळी घेतली तरी तोच प्रकार. सोपा हिशोब असा: कॅल्शियमची एक गोळी सकाळी खाल्ल्यावर, दुसरी दुपारच्या जेवणानंतर, आणि लोहाची रात्री जेवून दोनेक तासांनी, लिंबूपाण्यासोबत. लिंबातलं 'क' जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं. सरकारी कार्यक्रमात चौथ्या महिन्यापासून रोज एक लाल गोळी, त्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड, निदान १८० दिवस असते. बाळंतपणानंतरही आणखी १८० दिवस. बारसं झालं की डबा माळ्यावर टाकायचा नसतो.

फॉलिक अ‍ॅसिडला उशीर

तीन महिने होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही, ही पद्धत अजून घरोघरी आहे. सांगू नका, हरकत नाही. पण गोळी सुरू करा. बाळाचा मेंदू आणि मणका ज्या नळीपासून बनतो, ती गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत बंद होते. म्हणजे पाळी चुकून दोन आठवडे होतात तोवर मुख्य काम उरकलेलं असतं. म्हणून मूल हवं असं ठरलं की निदान महिनाभर आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम, आणि पुढे बारा आठवड्यांपर्यंत. आधीच्या बाळाला मणक्याचा दोष असेल किंवा फिट्सचं औषध चालू असेल, तर डोस वेगळा लागतो. तो डॉक्टरांनीच ठरवायचा.

ताटातल्या गैरसमजुती

डाळिंबानं रक्त वाढतं, हे आपल्याकडे इतकं पक्कं आहे की बोलायची चोरी. सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे, फळ उत्तमच. पण त्यात लोह फारच थोडं. बीटाचंही तेच, रंगावर जाऊ नका. लोह हवं तर हुलगे, मटकी, हरभरा, तीळ, शेवग्याचा पाला, आणि चालत असेल तर मटण-मासे. मालदांडी ज्वारीची भाकरी रोज हवीच, मात्र धान्यातल्या फायटेटमुळे त्यातलं लोह कमी शोषलं जातं. जेवताना लिंबू पिळा, कडधान्यांना मोड आणा.

पालेभाजी उकडून पाणी फेकलं की फॉलेट आणि 'क' जीवनसत्त्व मोरीत जातं. अंबाडीचं पाणी काढावंच लागतं, तिचा आंबटपणाच तसा. मेथी, शेपू, तांदुळजा यांचं कशाला?

बी-१२ चा विषय वेगळाच. लिंगायत, जैन, माळकरी घरांत मांस-अंडी नसतात, आणि कोणत्याही भाजी-भाकरीत, शेंगाचटणीतसुद्धा बी-१२ नसतं. दूध, दही, ताक, पनीर एवढीच वाट उरते. दूध नकोसं झालं असेल तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा, ते तपासणी करून गोळी किंवा इंजेक्शन देतील. नुसतं फॉलिक अ‍ॅसिड घेत राहिलं तर रक्ताचा रिपोर्ट सुधारलेला दिसतो, पण बी-१२ च्या कमतरतेनं नसांचं नुकसान आतून चालूच राहतं.

एकादशीला साबुदाणा आणि दिवसभर चहा, असा उपास पोटुशीनं करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. साबुदाण्यात पिठूळपणापलीकडे फारसं काही नाही, आणि 'आज उपास' म्हणून गोळीही चुकते.

उन्हाच्या गावात 'ड' कमी

सकाळी सातच्या कोवळ्या उन्हात 'ड' जीवनसत्त्व तयार करणारे किरण फार कमी असतात. ते दहा-अकराला मिळतात, तेही हात-पाय उघडे असतील तर. थंडीत जमेल, मे महिन्यात सोलापुरात त्या वेळी बाहेर उभं राहा असं कुणी सांगणार नाही. तेव्हा डॉक्टरांनी दिलेलाच डोस घ्या. मेडिकलमधून ६०,००० युनिटची पावडर मनानं आणू नका. 'अ' जीवनसत्त्वाच्या कॅप्सूलही मनानं घ्यायच्या नाहीत, त्याचा अतिरेक गर्भाला बाधतो.

माहेरी गेल्यावर

सातव्या महिन्यात मुलगी माहेरी येते, फाईल सासरी राहते. इथले डॉक्टर नवीन गोळ्या लिहून देतात, जुन्या पर्समध्ये असतातच. नावं वेगळी, आत औषध तेच. दुप्पट डोस जातो. किंवा 'तिकडच्या संपल्या' म्हणून महिनाभर काहीच नाही. फाईल आणि सगळ्या स्ट्रिप्स पिशवीत घालूनच निघा.

गोळी सोसत नसेल तर

शौच काळी होणं नेहमीचं आहे, घाबरू नका. मळमळ होत असेल तर जेवल्यावर लगेच घ्या. थोडं कमी शोषलं जाईल, पण बंद करण्यापेक्षा बरं. तरी उलटी होत असेल तर डॉक्टर लोहाचा प्रकार बदलून देतात. बद्धकोष्ठतेला भरपूर पाणी, पेरू, पालेभाज्या. आणि लाल गोळीनं बाळ काळं होतं, हे साफ खोटं. माती, खडू खावासा वाटतो तो नुसता डोहाळा समजू नका, लोहाची कमतरता असू शकते.

गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे रक्त कमी. गोळ्या नीट घेऊनही महिन्याभरात एक पॉइंटसुद्धा वाढलं नाही, तर जंत, बी-१२ ची कमतरता किंवा थॅलेसेमियासारखा रक्ताचा आनुवंशिक आजार, असं दुसरं कारण शोधावं लागतं. गरज पडली तर शिरेतून लोह देतात. सातच्या खाली असेल तर घरी थांबायचंच नाही. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर महिलांची मोफत तपासणी असते. तिथे जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्या दाखवा, आणि कुठली किती वाजता, कशाबरोबर घेता तेही सांगा.